नानजिंगचा उन्हाळा: गरम पाणी, मुगाचे कढण आणि पाठीवरचे लेप

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मराठी कुटुंब नोकरीच्या निमित्ताने जूनमध्ये चीनमधील नानजिंग शहरात राहायला गेले आहे. ऑफिसातील चिनी सहकारी भर उन्हाळ्यात गरम पाणी पितात, दुपारी मुगाचे पाणी पितात आणि कोणाला मळमळले की 'हुओशियांग झेंगची' नावाच्या औषधाची करंगळीएवढी बाटली पुढे करतात. घरी ६८ वर्षांच्या सासूबाई आहेत आणि त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. ८ वर्षांच्या मुलाला दर हिवाळ्यात दम्याचा त्रास होतो, आणि त्याच्या पाठीवर उन्हाळ्यातच औषधी लेप लावून घ्या, असे शेजारी आग्रहाने सांगत आहेत. यातले काय घ्यावे आणि काय टाळावे, असे घरच्या सूनबाईंनी विचारले आहे.

चिनी वैद्यक आणि ॲक्युपंक्चर हे गेली २२ वर्षे माझे काम आहे आणि त्यांतील पहिली ६ वर्षे मी नानजिंगमध्येच काढली आहेत, त्यामुळे आपण वर्णन केलेला उन्हाळा माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. गरम पाणी आणि मुगाचे पाणी आपण निर्धास्तपणे स्वीकारावे. पाठीवरच्या लेपाचा विचार सावकाश आणि काही अटी पाळून करावा. ती छोटी बाटली मात्र कशासाठी आहे हे पूर्ण समजल्याशिवाय घरात कोणालाही देऊ नये. चिनी वैद्यकात उन्हाळ्याचे आजार एकाच जातीचे मानलेले नाहीत. त्यांच्या दोन परस्परविरुद्ध जाती आहेत, आणि एकीचे औषध दुसरीत दिले तर रोगी सुधारण्याऐवजी बिघडतो. हा भेद आपल्याला एकदा कळला, तर बाकीचे बरेचसे निर्णय आपले आपल्यालाच घेता येतील.

आधी तिथल्या हवेविषयी थोडे सांगितले पाहिजे. छोंगछिंग, वुहान आणि नानजिंग या यांगत्सेकाठच्या तीन शहरांना चीनमध्ये पूर्वापार 'तीन भट्ट्या' म्हणतात. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत तेथे 'मेइयू' म्हणजे आलुबुखारे पिकण्याच्या दिवसांतला रिपरिप पाऊस असतो, ज्यात कपडे वाळत नाहीत आणि चपलांना बुरशी धरते. तो संपला की 'सानफू' नावाचा कडक उन्हाळ्याचा काळ लागतो. सानफूचा हिशोब पंचांगासारखा आहे. चिनी कालगणनेत 'गंग' नावाचा दिवस दर दहा दिवसांनी येतो. २१ जूनच्या सुमारास येणाऱ्या सर्वांत मोठ्या दिवसानंतरच्या तिसऱ्या गंगला पहिला फू सुरू होतो, चौथ्याला दुसरा, आणि ७ किंवा ८ ऑगस्टला येणाऱ्या 'लीच्यू' म्हणजे शरदारंभानंतरच्या पहिल्या गंगला तिसरा. असा हा काळ कधी ३० तर कधी ४० दिवसांचा होतो. आपल्याकडे नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा कोरडा असतो, म्हणून तेथे आलेला घाम लगेच उडतो आणि शरीर थोडेफार थंड होते. नानजिंगमध्ये हवाच पाण्याने भरलेली असल्यामुळे घाम अंगावर राहतो आणि उष्णता आतच कोंडते. कोकणातल्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याची कल्पना केली, तर ते चित्र जवळपास जुळेल. चिनी वैद्यांनी उष्मा आणि ओल या दोन गोष्टी नेहमी जोडीने का मांडल्या, हे त्या हवेत एक महिना राहिले की पुस्तकाशिवायही कळते.

'हुआंगदी नेइजिंग' या दोन हजार वर्षांहून जुन्या मूळ ग्रंथाच्या 'सू-वेन' भागातील दुसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. उन्हाळ्याचे तीन महिने हे बहराचे आणि फुलोऱ्याचे आहेत, या काळात रात्री थोडे उशिरा झोपावे आणि पहाटे लवकर उठावे, दिवसाच्या लांबीला आणि उन्हाला कंटाळू नये, मनात राग धरू नये आणि शरीरातील 'ची' म्हणजे प्राणशक्ती मोकळेपणाने बाहेर वाहू द्यावी, असे त्यात सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे वसंत व ग्रीष्मात 'यांग'चे, म्हणजे शरीरातील उबेचे, पोषण करावे असे सूत्र येते, आणि आपल्या सहकाऱ्यांच्या हातातला गरम पाण्याचा थर्मास तेथूनच समजून घ्यावा लागतो. त्यामागचा विचार असा की, उन्हाळ्यात शरीराची ऊब त्वचेकडे धावते, म्हणून बाहेरून आपण तापलेले असलो तरी पोट आतून दुबळे आणि थंड झालेले असते. माझे शिक्षक यासाठी विहिरीचा दाखला देत, कारण जमीन तापलेली असताना विहिरीचे पाणी गार लागते. उष्णतेत रक्तप्रवाह मोठ्या प्रमाणात त्वचेकडे वळतो आणि आतड्यांचा वाटा कमी होतो हे आधुनिक शरीरशास्त्रही सांगते, तेव्हा हे निरीक्षण अगदीच निराधार नाही. ग्रीष्म आणि वर्षा ऋतूंत जठराग्नी मंद होतो असे आयुर्वेद मानतो, त्यामुळे मराठी घरात वाढलेल्या माणसाला हा विचार परका वाटू नये.

'हिवाळ्यात मुळा आणि उन्हाळ्यात आले खा, म्हणजे वैद्याच्या चिठ्ठीची गरज पडणार नाही' अशी म्हण चीनमध्ये घरोघरी ऐकू येते. नानजिंग ज्या जिआंगसू प्रांतात आहे, त्याच्याच उत्तरेकडील शूझोउ शहरात तर सानफूच्या भर उकाड्यात लोक मुद्दाम मटणाचा रस्सा पितात. मी तो सर्वांना सुचवणार नाही, कारण ज्यांचा रक्तदाब किंवा पित्त वाढलेले असते त्यांना तो झेपत नाही, पण मागचे तर्कशास्त्र गरम पाण्याचेच आहे.

गरम पाण्याच्या सवयीमागे आणखी एक साधे कारण आहे. विसाव्या शतकातील आरोग्यमोहिमांनी, विशेषतः १९५२ नंतरच्या देशव्यापी स्वच्छता मोहिमेने, पाणी उकळूनच प्यावे हे घराघरांत रुजवले, आणि उकळलेले पाणी थर्मासमध्ये गरमच राहते. म्हणून गरमच प्यायले पाहिजे असा हट्ट मी धरत नाही. उन्हातून किंवा श्रमातून आलेल्या धडधाकट माणसाला गार पाण्याने आराम पडतो आणि त्याचे तापमान उतरायलाही मदत होते. फक्त जेवणाच्या आगेमागे बर्फाचे पाणी पिणे आणि दिवसभर फ्रिजमधली पेये पीत राहणे टाळावे. ज्यांना उन्हाळ्यात पोट जड राहणे, जिभेवर पांढरा जाड थर येणे, सकाळी पातळ शौच होणे अशा तक्रारी असतात, त्यांनी तीन आठवडे कोमट किंवा साध्या तापमानाचे पाणी पिऊन पाहावे. माझ्या अनुभवात अशांपैकी पुष्कळांना दुसऱ्या औषधाची गरजच लागत नाही.

आता त्या मूळ भेदाकडे वळतो. मिंग काळातील वैद्य झांग जिंगयुए (१५६३–१६४०) यांनी उन्हाळ्याच्या आजारांची 'यांग-उष्मा' आणि 'यिन-उष्मा' अशी स्पष्ट विभागणी केली. यांग-उष्मा म्हणजे प्रत्यक्ष उष्णतेने झालेला आजार. माणूस उन्हात किंवा कोंडलेल्या गरम खोलीत राहिलेला असतो, अंग तापलेले, चेहरा लाल, तहान जबर, लघवी थोडी व गडद, नाडी जलद आणि जीभ लाल व कोरडी असते. यिन-उष्मा म्हणजे उन्हाळ्यात लागलेली थंडी. माणूस घामाघूम अवस्थेत वातानुकूलित खोलीत शिरलेला असतो, रात्रभर एसीच्या झोतात झोपलेला असतो किंवा आइस्क्रीम, बर्फाची पेये आणि शिळे गार अन्न यांवर दिवस काढलेला असतो. त्याला कणकण येते, अंग दुखते, डोके ओल्या फडक्याने आवळल्यासारखे जड होते, मळमळ, पोटफुगी आणि जुलाब होतात, पण तहान फारशी नसते आणि जिभेवर पांढरा चिकट थर असतो. दोन्ही रोगी 'उन्हाळा बाधला' असेच म्हणतात. आजच्या शहरी जीवनात माझ्याकडे येणाऱ्यांत दुसऱ्या जातीचे रोगी जास्त असतात, कारण लोक उन्हात कमी आणि एसीत अधिक वेळ असतात.

हुओशियांग झेंगची हे औषध या दुसऱ्या जातीचे आहे. त्याची कृती सोंग राजवटीतील सरकारी औषधालयाच्या सूत्रसंग्रहात आहे. त्यात हुओशियांग ही सुगंधी वनस्पती, त्झसूची पाने, जुनी वाळवलेली संत्र्याची साल, सुपारीचे बाहेरचे टरफल, ज्येष्ठमध वगैरे द्रव्ये येतात, आणि त्यांतली बहुतेक उष्ण, सुगंधी व ओल सुकवणारी आहेत. एसी आणि गार खाण्याने पोट बिघडलेल्या माणसाला ते खरोखर गुणकारी ठरते. परंतु उन्हाने तापलेल्या, तहानेने कोरड्या पडलेल्या माणसाला ते देणे म्हणजे त्याला आणखी कोरडे करणे होय. शिवाय या औषधाचे 'श्वेइ' नावाचे जे रूप मिळते त्यात ४० ते ५० टक्के अल्कोहोल असते, तर 'कोउफूये' नावाच्या रूपात ते नसते. अल्कोहोल असलेली बाटली मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि गाडी चालवणाऱ्यांना देऊ नये, आणि सेफालोस्पोरिन गटातील प्रतिजैविके किंवा मेट्रोनिडाझोल चालू असताना तर मुळीच देऊ नये, कारण त्या संयोगाने चेहरा लालबुंद होणे, छाती धडधडणे आणि रक्तदाब कोसळणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. औषधांच्या दुकानात दोन्ही खोकी शेजारी शेजारी असतात, म्हणून खरेदी करताना हे शब्द विचारून घ्यावेत.

मी नानजिंगमध्ये शिकत असताना पाहिलेला एक प्रसंग मला विसरता येत नाही. बांधकामावरचा एक तरुण मजूर दुपारी दोन वाजता असंबद्ध बोलू लागला. त्याच्या सोबत्यांनी त्याला सावलीत बसवून हीच बाटली पाजली, मग आणखी एक पाजली, आणि औषध लागू पडेल म्हणून ते वाट पाहत राहिले. तो आमच्यापर्यंत पोहोचला तेव्हा शुद्धीवर नव्हता. तो वाचला, पण त्याच्या मूत्रपिंडांना सावरायला अनेक आठवडे लागले. सोबत्यांच्या मायेत काही कमी नव्हते, त्यांना फक्त हा भेद माहीत नव्हता.

म्हणून स्पष्ट लिहितो. उष्णतेत असलेल्या माणसाचे बोलणे असंबद्ध झाले, तो गोंधळला, झोक जाऊ लागला, झटके आले किंवा अंग अतिशय तापले, तर तो उष्माघात समजावा, मग त्याला घाम येत असो किंवा नसो. अशा वेळी चिनी औषध नको, आयुर्वेदिक नको आणि तापाची गोळीही नको. चीनमध्ये १२० क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, शक्य असल्यास थंड पाण्याच्या टबात ठेवावे, जोरात पंखा लावावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. शरीराचे तापमान जितक्या लवकर उतरेल तितके मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड वाचतात. चिनी हवामान खाते उष्णतेचे तीन रंगांचे इशारे देते: सलग तीन दिवस कमाल तापमान ३५ अंशांच्या वर जाणार असेल तर पिवळा, २४ तासांत ३७ च्या वर जाणार असेल तर नारंगी आणि ४० च्या वर जाणार असेल तर लाल. नारंगी इशारा असताना सासूबाईंना सकाळी दहा ते सायंकाळी पाचपर्यंत बाहेर पडू देऊ नये. १८ ऑगस्ट २०२२ रोजी छोंगछिंगच्या बेइबेइ भागात ४५ अंश तापमान नोंदले गेले, आणि असे उन्हाळे पुन्हा येतील असे समजूनच आता वागायला हवे.

एवढे सांगितल्यावर स्वयंपाकघराकडे वळायला मला आनंद वाटतो, कारण चिनी उन्हाळी वैद्यकाचा मोठा आणि सुरक्षित भाग तिथेच आहे. मूग हे त्यातले पहिले नाव. चिनी मतानुसार हिरवा मूग गोड, शीतल, हृदय आणि जठराकडे जाणारा व उष्मा उतरवणारा आहे, आणि त्याचा शीतल गुण मुख्यतः सालीत असतो. म्हणून तहान भागवण्यासाठी हवे असेल तेव्हा मूग फार शिजवत नाहीत. वाटीभर सालासकट मूग धुऊन दीड लिटर उकळत्या पाण्यात टाकावेत, झाकण ठेवून सुमारे दहा मिनिटे उकळावेत आणि वरचे हिरवट, पारदर्शक पाणी गाळून कोमट किंवा साधे गार झाल्यावर प्यावे. उरलेले मूग पुढे मऊ शिजवून भातात किंवा पेजेत वापरता येतात. पाणी तांबूस झाले तर घाबरू नये. नळाचे पाणी क्षारयुक्त असेल तर सालीतील द्रव्ये हवेशी संयोग पावून रंग बदलतात, आणि लिंबाचे चार थेंब टाकले की हिरवा रंग टिकतो. आपल्या घरी आजाऱ्यासाठी होणारे मुगाचे कढण हे याचेच भावंड आहे, पण आपण त्याला जिरे, हिंग, कधी लसणाची फोडणी देतो. चिनी वैद्याच्या दृष्टीने फोडणीने त्या मुगाचा थंडपणा कमी होऊन तो मंद पचनाच्या माणसाला सोसतो. त्यामुळे सासूबाईंना चिनी पद्धतीचे पाणी पोटात गार लागले, तर आपले जिऱ्याचे कढण करावे. त्यात कोणत्याही शास्त्राचा भंग होत नाही.

कलिंगडाला चिनी वैद्य 'निसर्गातील श्वेतव्याघ्र काढा' म्हणतात. श्वेतव्याघ्र हा प्राचीन चिनी वैद्य झांग झोंगजिंग यांचा तीव्र तापावरचा, जिप्सम हे खनिज घातलेला प्रसिद्ध काढा आहे, आणि त्याच्याशी तुलना करावी इतके हे फळ शीतल मानले जाते. त्याहून मला अधिक रस आहे तो कलिंगडाच्या सालीत, जिला औषधशास्त्रात 'पाचूची ओढणी' अशा अर्थाचे सुंदर नाव आहे. वू जूतोंग या जिआंगसूच्याच वैद्यांनी १७९८ मध्ये पूर्ण केलेल्या 'वेनबिंग तिआओब्येन' या ग्रंथात, उष्म्याचा मुख्य जोर ओसरल्यावर डोके थोडे जड राहते आणि तहान रेंगाळते त्या अवस्थेसाठी एक हलका काढा दिला आहे. त्यात कलिंगडाची साल, घोसाळ्याची साल, कमळाच्या पानांच्या कडा, बांबूची कोवळी पाने, जिनयिनहुआ म्हणजे हनीसकल वेलीची ताजी फुले आणि वालाची ताजी फुले अशी सहाच द्रव्ये आहेत. जे आपण कचऱ्यात टाकतो किंवा कुंपणावर वाढू देतो, त्यातून एका मोठ्या वैद्याने औषध उभे केले, ही गोष्ट मला वाचताना दर वेळी हलवते. आपण घरी त्याची नक्कल करण्याची गरज नाही. कलिंगडाचा लाल भाग खाल्ल्यावर उरलेला पांढरा भाग किसून कोकणातल्याप्रमाणे त्याची भाजी किंवा धिरडी केली, तरी हेतू साधतो.

मेइयूच्या दमट दिवसांत कोहळा आणि 'यीमी' यांचे सूप उत्तम. यीमी हे मोत्यासारखे दिसणारे धान्य आहे आणि भाषांतरात त्याला बऱ्याचदा चुकून जव म्हटले जाते, म्हणून दुकानात दाखवूनच घ्यावे. ते लघवीवाटे ओल काढते असे मानतात, आणि परंपरेने ते गरोदरपणात वर्ज्य आहे. कारले, काकडी आणि दुधी भोपळ्याचे नाव वेगळे सांगायला नको.

आंबट पेयांत 'स्वानमेइतांग' तुम्हाला सगळीकडे दिसेल. धुरी दिलेले आलुबुखारे, शानझाची फळे, ज्येष्ठमध, ओस्मान्थसची फुले आणि खडीसाखर यांचे ते पेय आहे. आंबट चव घाम आणि रस 'गोळा करून ठेवते' असे चिनी वैद्यक मानते, आणि कोकम सरबत किंवा कैरीचे पन्हे ज्या कामासाठी आपण करतो तेच काम हे करते. घरी कोकम असेल तर तेच करावे. बाहेरच्या स्वानमेइतांगमध्ये साखर फार असते आणि ज्येष्ठमधही असतो, आणि हा ज्येष्ठमध आपल्या सासूबाईंच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

ज्येष्ठमध बहुसंख्य चिनी काढ्यांत असतो. तो नेमाने आणि जास्त प्रमाणात पोटात गेला तर शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. त्यातच रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियमची घट धोकादायक होऊ शकते. म्हणून त्यांच्यासाठी रोजच्या हर्बल चहाच्या पुड्या, 'उष्मा उतरवणारे' दाणेदार चूर्ण आणि कोणाचे तरी उरलेले काढे सरसकट बंद ठेवावेत. शेवंतीचा चहा चालेल. हांगझोउच्या परिसरातली वाळवलेली पांढरी शेवंती चार-पाच फुले घेऊन कपभर गरम पाण्यात टाकावी, मात्र शेवंतीवर्गीय फुलांची ॲलर्जी नसावी. उन्हाळ्यात थकवा, धाप आणि अति घाम असेल तर 'शंगमाइ' हे जिनसेंग, माइदोंग आणि वूवेइत्झ अशा तीन द्रव्यांचे औषध चिनी वैद्य देतात, आणि ते फार चांगले औषध आहे. पण जिनसेंगचा रक्त पातळ करणाऱ्या व इतर काही गोळ्यांशी संयोग होतो, म्हणून ते दुकानातून आपल्या मनाने आणू नये. याहून तातडीची गोष्ट ही की, उन्हाळ्यात रक्तदाब बहुधा थोडा उतरतो आणि जुनी मात्रा जास्त होऊ शकते. त्या अंथरुणातून उठताना चक्कर येते असे म्हणू लागल्या, तर दोन्ही वेळचा रक्तदाब आठवडाभर लिहून ठेवून डॉक्टरांना दाखवावा. गोळी स्वतःहून कमी करू नये किंवा बंदही करू नये. वृद्धांना तहान उशिरा लागते, त्यामुळे त्यांना विचारत न बसता दर दीड-दोन तासांनी छोटा पेला हातात द्यावा; हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाणी मर्यादित ठेवायला सांगितले असेल, तर मात्र तीच मर्यादा पाळावी. एसी २६ अंशांच्या आसपास ठेवावा आणि झोत मानेवर किंवा पायांवर येऊ देऊ नये. काटकसरीपोटी एसी बंद करून बसणे मात्र त्या हवेत वृद्धांच्या जिवावर बेतू शकते.

तुम्ही कधी ग्वांगझोउला गेलात तर तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर 'ल्यांगचा' म्हणजे कडू, काळ्या काढ्यांची दुकाने दिसतील. २००६ मध्ये चीनने तो राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतला आहे. घसा लाल झाला, तोंड आले तर एखाद-दुसरा पेला ठीक आहे, पण रोज पिण्याचे ते पेय नाही. कडू आणि थंड द्रव्यांनी पोट बसते, आणि मग तोच माणूस यिन-उष्मा घेऊन आमच्याकडे येतो.

आता मुलाच्या पाठीवरचे लेप. त्यांना 'सानफूतिए' म्हणतात, आणि त्यांच्यामागे 'हिवाळ्याचा आजार उन्हाळ्यात बरा करावा' हे तत्त्व आहे. सूचौचे वैद्य झांग लू यांनी १६९५ च्या आपल्या ग्रंथात थंडीने उसळणाऱ्या दम्यासाठी ही रीत लिहिली: पांढरी मोहरी आणि इतर काही तिखट द्रव्ये आल्याच्या रसात कालवून सानफूमध्ये पाठीवरच्या ठरावीक बिंदूंवर लावावीत, तीन उदबत्त्या जळेपर्यंत ठेवावीत, आणि दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीनदा हे करावे. आजही प्रत्येक फूच्या पहिल्या दिवशी चिनी वैद्यक रुग्णालयांबाहेर रांगा लागतात. याचा उपयोग होतो का, याचे माझे प्रामाणिक उत्तर असे आहे की काही मुलांमध्ये पुढच्या हिवाळ्यात सर्दी आणि दम्याचे झटके कमी झालेले मी पाहिले आहेत, आणि काहींमध्ये काहीच फरक पडला नाही. प्रसिद्ध झालेले बरेच अभ्यास लहान आणि कच्च्या मांडणीचे आहेत, त्यामुळे छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा आपल्या हाती नाही.

करायचेच असेल तर अटी सांगतो. लेप रुग्णालयातच, परवानाधारक वैद्याकडून लावून घ्यावा, ऑनलाइन मिळणारी तयार पाकिटे घेऊ नयेत, कारण मूळ कृतीत गानस्वेइ आणि शीशिन अशी विषारी द्रव्ये असतात आणि ती किती व कशी शुद्ध केली आहेत हे पाकिटावरून कळत नाही. मुलाला ताप, दम्याचा चालू झटका, त्वचेवर पुरळ किंवा जखम असेल, किंवा जखमेचे वण जाड उठण्याची प्रवृत्ती असेल, तर लेप नको. मुलांच्या अंगावर तो अर्धा तास ते दोन तास पुरे, आणि आग होत असल्याचे मूल सांगेल त्या क्षणी काढावा. जितका फोड मोठा तितका गुण जास्त, असे शेजारी सांगतील, ते ऐकू नये. त्वचा गुलाबी होणे पुरेसे आहे, आणि फोड आलाच तर तो फोडू नये. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. मुलाचा इनहेलर डॉक्टरांनी सांगितला असेल तसाच चालू राहिला पाहिजे. लेप लावला म्हणून प्रतिबंधक इनहेलर बंद केलेली मुले नोव्हेंबरमध्ये आपत्कालीन विभागात आलेली मी पाहिली आहेत.

घरच्या घरी हाताने करण्याजोगे दोन बिंदू सांगतो. मळमळ होत असेल तर मनगटाच्या आतल्या बाजूच्या घडीपासून कोपराकडे रुग्णाची स्वतःची तीन बोटे मोजावीत आणि तेथे दोन स्नायुबंधांच्या मधोमध अंगठ्याने दोन-तीन मिनिटे दाबावे. हा 'नेइग्वान'. भूक मंद झाली असेल तर गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे आणि नडगीच्या हाडापासून बाहेर एक बोट, हा 'त्झूसानली' रोज संध्याकाळी दोन्ही पायांवर चोळावा. पाठ खरवडून लाल डाग उठवण्याची 'ग्वाशा' ही रीत सासूबाईंवर करू नये, विशेषतः त्या रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर.

नेइजिंगमध्ये उन्हाळा हृदयाचा आणि अग्नीचा ऋतू मानला आहे, आणि राग न धरण्याचा उपदेश त्याच संदर्भात येतो. चिडलेल्या माणसाला उकाडा अधिक लागतो हे सर्वांनीच अनुभवले असेल. नानजिंगजवळच्या माओशान पर्वतावर राहिलेले ताओ होंगजिंग (४५६–५३६) यांच्या नावाने चालत आलेल्या श्वासाच्या सहा ध्वनींपैकी 'हअ' हा ध्वनी आजच्या प्रचलित रीतीत हृदयासाठी मानला जातो. सकाळी गच्चीत किंवा खिडकीशी उभे राहून श्वास सावकाश सोडताना हा ध्वनी अगदी हळू, जवळजवळ न ऐकू येईल असा सहा वेळा करावा. मुलाला हा खेळ आवडेल, आणि लांब श्वास सोडण्याची सवय दमेकरी मुलाला उपयोगीच आहे. दुपारी जेवणानंतर वीस-तीस मिनिटांची झोप घ्यावी. चिनी ऑफिसात दिवे मालवून सारे टेबलावर डोके टेकतात तेव्हा आपणही संकोच न करता टेकावे.

लीच्यूच्या दिवशी नानजिंगमध्ये कलिंगड खाण्याची चाल आहे, तिला 'शरद कुरतडणे' म्हणतात. त्यानंतरही दोन-तीन आठवडे कडक ऊन राहते, पण पहाटेची हवा बदलते. त्या सुमारास मुगाचे पाणी रोजऐवजी आठवड्यातून दोनदा करावे, कलिंगड आवरते घ्यावे, मुलाच्या पोटावर रात्री पातळ पांघरूण घालावे आणि तिसऱ्या फूच्या लेपासाठी जाताना त्याचा इनहेलर बरोबर न्यावा.